खिशातल्या खिशात चंद्रापर्यंत

वाणगावात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा स्टेशनातल्या घड्याळात सरासरीने बारा वाजून एकोणचाळीस मिनिटं झालेली असतात. हे कुणाच्या लक्षात येत नाही. मिरचीच्या वाडीत तोडणी करणारी बाई सावलीकडे बघते, फलाटावरचा माणूस मोबाइलकडे बघतो आणि दोघांची गाठ पडून वाद होण्याचा प्रसंग सहसा येत नाही. गणित मात्र सोपं आहे. पृथ्वी एक अंश वळायला चार मिनिटं घेते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, वाणगाव आहे पावणेत्र्याहत्तरच्या आसपास. पावणेदहा अंश गुणिले चार.

आज हा फरक निरुपद्रवी आहे. एके काळी तो खिशात घेऊन फिरावा लागायचा. सुरतेकडून आलेला बी.बी.सी.आय. रेल्वेचा मार्ग २८ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचला आणि डहाणूचा हा पट्टा रुळांवर आला. पुढे १८७०च्या सुमारास देशभरच्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रासचं घड्याळ आपल्या किनाऱ्यापेक्षा अर्धा तास पुढे. म्हणजे या पट्ट्यात सूर्य बारा म्हणायचा तेव्हा रेल्वे साडेबारा म्हणायची. १ जानेवारी १९०६ पासून आजची प्रमाणवेळ आली तरी मुंबई शहराने आपली वेगळी ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही. इथल्या माणसाला मुंबईत काम असेल तर गाडी एका वेळेने पकडायची आणि मुंबईतल्या माणसाला दुसऱ्या वेळेने भेटायचं. ‘किती वाजले’ या प्रश्नाला ‘कुठले?’ असा उलटा प्रश्न विचारता येत होता, आणि तो चावटपणा नव्हता.

हे सगळं सांगायचं कारण माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. वाणगावच्या फलाटावर बसून मी हे टिपण करतोय आणि खिशातलं अमेरिकन घड्याळ टिकटिकतंय. चोरबाजारात घेतलेलं, तबकडीवर ‘एल्जिन’ लिहिलेलं. ज्या वर्षी इथून रूळ गेले त्याच वर्षी, १८६४ मध्ये, शिकागोत या घड्याळाची कंपनी नोंदवली गेली. नाव होतं नॅशनल वॉच कंपनी. कारखाना शिकागोपासून साठेक किलोमीटरवर एल्जिन गावात निघाला आणि गावाचंच नाव घड्याळाला चिकटलं. रेल्वे आणि खिशातलं घड्याळ ही जुळी भावंडं आहेत असं मला वाटतं. एकाशिवाय दुसऱ्याची गरज पडली नसती.

पहिलं एल्जिन १८६७ मध्ये बाहेर पडलं. कंपनीचे पहिले अध्यक्ष आणि शिकागोचे माजी महापौर बी. डब्ल्यू. रेमंड यांचंच नाव त्याला दिलं होतं. क्रमांक १०१, किंमत ११७ डॉलर. पुढच्या शंभर वर्षांत कंपनीने सुमारे सहा कोटी घड्याळं बनवली. शेवटच्या दशकांत त्यांत मनगटी घड्याळांचाही मोठा वाटा होता, पण आकडा म्हणून सहा कोटी डोळ्यांसमोर आणून बघा. २०११च्या जनगणनेत पालघर जिल्ह्याच्या भागाची लोकसंख्या तीस लाखांना जेमतेम कमी भरली. तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत प्रत्येकाला वीस-वीस एल्जिन वाटता आली असती. ती ओळीने, एकाला एक चिकटवून, रुळावर मांडली आणि एकाची रुंदी पाच सेंटिमीटर धरली, तर ओळ तीन हजार किलोमीटरची होते. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत या, तरी काही लाख घड्याळं हातात उरतील. कारखाना शंभर वर्षं रात्रंदिवस चालला असं मानलं तर दर बावन्न-त्रेपन्न सेकंदांना एक घड्याळ. एवढ्या वेळात मला माझ्या एकाचं झाकण उघडता येत नाही.

आणि ही एकच कंपनी. तिच्या आधीची, मॅसॅच्युसेट्समधली वॉल्थम. ॲरन डेनिसन नावाच्या घड्याळजीच्या डोक्यातून १८५० मध्ये निघालेली, १८५४ मध्ये वॉल्थम गावी गेलेली, १८५७ मध्ये दिवाळं वाजून लिलावात विकली गेलेली आणि तरीही पुढच्या शंभर वर्षांत चार कोटींच्या आसपास घड्याळं बनवून गेलेली. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिचं ‘विल्यम एलरी’ हे घड्याळ साध्या शिपायाला तेरा डॉलरच्या आसपास मिळायचं. तेरा डॉलर हा तेव्हा त्याचा महिन्याचा पगार होता. महिन्याच्या पगारात घड्याळ ही गोष्ट त्याआधी सहसा ऐकायला मिळत नव्हती, कारण तोवर घड्याळ म्हणजे इंग्लंडमधल्या किंवा स्वित्झर्लंडमधल्या कारागिराने महिनोन्‌महिने कानस मारून जुळवलेली वस्तू. एका घड्याळाचं चाक दुसऱ्यात बसायचं नाही. बसलंच तर योगायोग समजायचा.

हे कसं बदललं ते मला पुस्तकांपेक्षा चिंचणीकडच्या एका डायमेकर काकांकडून जास्त नीट कळलं. वाणगावातून समुद्राकडे निघालं की चिंचणी, वरोर, वाढवण ही डायमेकिंगची गावं लागतात. पोलादाच्या ठोकळ्यात दागिन्याची नक्षी उलटी कोरायची, मग त्या डायवर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की पान, फूल, मोर उठून येतो. देशभरच्या सराफांकडे जाणाऱ्या कितीतरी दागिन्यांचा जन्म या घरांच्या ओट्यावर, खिडकीच्या उजेडात होतो. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, माझ्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं आणि आतल्या निकेलच्या पट्टीवरच्या लाटांसारख्या नक्षीकडे बराच वेळ बघत राहिले.

“हे हातचं नाय,” ते म्हणाले. “यंत्राचं हाय. पण ते यंत्र ज्यानं केलं ना, त्याचा हात बघायला पायजे होता.”

अमेरिकन घड्याळाचं अख्खं रहस्य या दोन वाक्यांत आहे. डेनिसनने आणि त्याच्यानंतरच्यांनी कारागिरी संपवली नाही, तिची जागा बदलली. कसबी हात घड्याळावरून उठवून घड्याळाचे भाग पाडणाऱ्या डायवर, कटरवर, मापावर नेऊन ठेवले. एक डाय चोख झाली की तिच्यातून निघणारा पहिला तुकडा आणि दहा हजारावा तुकडा सारखा. निदान तसं व्हावं अशी अपेक्षा. सुरुवातीला ते तितकंसं जमत नव्हतं. माणकाची भोकं आणि त्यांत फिरणाऱ्या आसांची टोकं मोजून एकमेकांशी जुळवावी लागत. मागेपुढे डुलणाऱ्या बॅलन्स चाकाच्या आसाचं टोक, ज्याला घड्याळजी पिव्होट म्हणतात, ते सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचं असतं. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाएवढं, फार तर किंचित जाड. त्या केसावर अख्खं चाक तोललेलं. अशी टोकं कोट्यवधींनी वळायची, आणि ती वळणारे निम्मे हात बायकांचे. वॉल्थमच्या कारखान्यात कामगारांपैकी साधारण निम्म्या स्त्रिया होत्या.

१८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात वॉल्थमने आपोआप स्क्रू पाडणारी यंत्रं मांडली तेव्हा स्विस मंडळींचं धाबं दणाणलं. त्याला कारणही होतं. स्वित्झर्लंडची अमेरिकेला होणारी घड्याळांची निर्यात १८७२ मध्ये १ कोटी ८३ लाख फ्रँकांची होती. चार वर्षांत ती ४८ लाखांवर आली. त्यांनी झाक डेव्हिड नावाचा इंजिनिअर पाठवून अमेरिकन कारखान्यांचा कसून अभ्यास करवला आणि तो परत येऊन जे म्हणाला त्याचा मथितार्थ असा, की आत्ता शहाणे झालो नाही तर संपलो. ते शहाणे झाले. म्हणून आज लोक ‘स्विस घड्याळ’ म्हणतात आणि एल्जिन चोरबाजारात मिळतं.

आता माझं आवडतं गणित.

या घड्याळाच्या पोटातलं बॅलन्स चाक तासाला अठरा हजार ठोके देतं, सेकंदाला पाच. दिवसाला ४ लाख ३२ हजार. माणसाचं हृदय मिनिटाला बहात्तर धरलं तर दिवसाला एक लाख चार हजारांच्या आत राहतं. घड्याळ त्याच्या चौपट धडधडतं. वर्षाला १५ कोटी ७६ लाख ८० हजार. शंभर वर्षं चाललं तर दीड हजार कोटींच्या पुढे. सत्तर वर्षं जगणारी सहा माणसं आयुष्यभर जेवढे ठोके मोजतील तेवढे या एका पितळी डबीत. तेही मधूनमधून पुसून, तेलाचे चार थेंब दिले तर. थेंब म्हणजे सुईच्या टोकाला लागेल एवढा.

ठोके मोजून माझं समाधान होईना म्हणून मी चाकाचा प्रवास मोजला. चाकाचा व्यास सतरा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चिकूच्या बीच्या लांबीएवढा. पूर्ण किल्ली दिलेली असताना ते एका बाजूला पाऊण फेरा जातं, परत येतं आणि दुसऱ्या बाजूला पाऊण फेरा जातं. एका ठोक्याला दीड फेरा. चाकाच्या कडेवर एक मुंगी बसवली (मुंगी काल्पनिक, हिशेब खरा) तर एका ठोक्यात ती आठ सेंटिमीटर जाते, सेकंदाला चाळीस. रांगतं मूल जाईल तेवढा वेग, त्यात भिण्यासारखं काही नाही. पण हे मूल थांबत नाही. दिवसाअखेर चौतीस-पस्तीस किलोमीटर होतात. वाणगाव ते चर्चगेट हे एकशे बारा किलोमीटरच्या आसपासचं अंतर मुंगी सव्वातीन दिवसांत कापते. वर्षाला १२ हजार ६०० किलोमीटर, जवळपास पृथ्वीचा व्यास. तीन-सव्वातीन वर्षांत पृथ्वीला प्रदक्षिणा. आणि चंद्र सरासरीने ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटरवर असल्यामुळे तीस वर्षं आणि काही महिन्यांत चंद्र.

तीस वर्षं म्हणजे रेल्वेतली नोकरी. पोरगेला माणूस गार्ड म्हणून रुजू झाला, त्याने रोज सकाळी न चुकता वीसेक सेकंद किल्ली दिली आणि निरोप समारंभाचा हार गळ्यात पडेपर्यंत घड्याळ चालतं ठेवलं, तर त्याच्या जाकिटाच्या खिशातलं एक चाक चंद्रावर पोचलेलं असतं. खिशातून बाहेर न पडता. कुणाच्याही नकळत.

एवढा प्रवास करताना चुकायचं किती? अमेरिकन रेल्वेचा नियम होता, आठवड्याला तीस सेकंद. त्यापेक्षा जास्त नाही, पुढेही नाही, मागेही नाही. आठवड्यात ६ लाख ४ हजार ८०० सेकंद असतात, म्हणजे वीस हजारांत एकाची चूक. हे प्रमाण अंतरात बदललं तर असं होतं: चर्चगेटहून टेप धरून मोजत निघा आणि वाणगावात पोचल्यावर साडेपाच मीटरपेक्षा जास्त चुकू नका. लोकलच्या एका डब्याची लांबी वीस मीटरच्या आसपास असते. डब्याच्या पावभागाएवढी चूक, एकशे बारा किलोमीटरमध्ये. हे स्प्रिंगवर चालणाऱ्या, खिशात हिंदकळणाऱ्या, इंजिनाच्या धक्क्यांनी हादरणाऱ्या वस्तूकडून अपेक्षित होतं.

हा नियम आला तो एका अपघातानंतर. एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यातल्या किप्टन गावाजवळ टपालगाडी आणि पॅसेंजर समोरासमोर धडकल्या आणि माणसं मेली. तिथे एकेरी मार्गावरच्या गाड्या वेळापत्रक आणि लेखी हुकमांवर चालत. तू अमुक स्टेशनात अमुक वाजता बाजूला हो, समोरची गाडी तमुक वाजता येईल. म्हणजे दोन गाड्यांच्या मध्ये भिंत कसली तर दोन घड्याळांची. सांगतात असं, की पॅसेंजरच्या एका कर्मचाऱ्याचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं आणि त्याला ते कळलंच नव्हतं. चार मिनिटं म्हणजे काय? १३० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी तेवढ्यात बोईसरहून जवळजवळ वाणगावात येते. आपल्याकडे लाइन क्लिअर, म्हणजे पुढच्या स्टेशनाची परवानगी, आणि पुढे एकेरी मार्गावरचा लोखंडी गोळा यांनी ही जबाबदारी बरीचशी घड्याळाच्या खांद्यावरून काढून घेतली. गोळा हातात नाही तर गाडी हलणार नाही, मग कुणाचं घड्याळ काहीही म्हणो. म्हणूनच खिशातल्या घड्याळाची एवढी कठोर परीक्षा अमेरिकेत झाली, इथे झाली नाही.

क्लीव्हलंडच्या वेब बॉल नावाच्या सराफाला रेल्वेने घड्याळांची तपासणी करायला नेमलं आणि १८९३ पर्यंत नियमांची जंत्री तयार झाली. तबकडी उघडी हवी, झाकणाची नको. आकडे ठळक, पांढऱ्यावर काळे. किमान सतरा ज्युवेल, म्हणजे आसांची टोकं घासू नयेत म्हणून बसवलेली सतरा माणकं. उभं, उताणं, पालथं, डावीकडे कललं, उजवीकडे कललं, अशा पाच स्थितींत जुळवलेलं. वेळ लावायची तर काच उघडून आतली बारीक पट्टी ओढल्याशिवाय काटे हलता कामा नयेत, नाहीतर किल्ली देता देता चुकून वेळ बदलायची. आकारही ठरलेला, सोळा किंवा अठरा. हे आकडे इंच नाहीत, मिलिमीटरही नाहीत. लँकेशायरच्या जुन्या मापाने शून्य आकार म्हणजे एक पूर्णांक पाच तीसांश इंच आणि पुढचा प्रत्येक आकार एक तीसांश इंचाने मोठा. सोळा नंबर बरोबर १.७ इंच भरतो. कारखाना अमेरिकेत, यंत्रं अमेरिकन, फुशारकी अमेरिकन, आणि माप इंग्लंडच्या एका परगण्याचं. मला हे फार आवडतं.

आणि तापमान. पोलादाची केसासारखी स्प्रिंग उन्हात ढिली पडते. काही उपाय केला नाही तर दर अंश सेल्सिअसमागे घड्याळ दिवसाला अकरा सेकंदांच्या आसपास मागे पडतं. वाणगावात जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत वीस अंशांचा फरक सहज पडतो. वीस गुणिले अकरा, दोनशे वीस सेकंद, पावणेचार मिनिटं. किप्टनच्या चार मिनिटांच्या अगदी जवळ, आणि तेही घड्याळ बंद न पडता, नुसत्या उकाड्याने. यावरचा तोडगा इतका सुंदर आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. चाकाची कड दोन धातूंची करायची, बाहेर पितळ आणि आत पोलाद, आणि ती दोन ठिकाणी कापून मोकळी सोडायची. उकडलं की पितळ पोलादापेक्षा जास्त पसरतं, कडेची मोकळी टोकं आत वळतात, चाक किंचित लहान होतं आणि लहान चाक चपळ फिरतं. स्प्रिंग जेवढी आळसावते तेवढं चाक हुशार होतं. कडेवर बसवलेले सोन्याचे किंवा पितळेचे इवले स्क्रू पुढेमागे करून हा तोल साधायचा. आपल्या किनाऱ्यावरच्या घड्याळाला याशिवाय आणखी एक शत्रू असतो, खारा वारा. त्यावर बॉलसाहेबांनी काही नियम केलेला दिसत नाही.

दुसऱ्या टोकाला होतं डॉलरचं घड्याळ. रॉबर्ट इंगरसोलने १८९६ मध्ये ‘यँकी’ नावाचं खिशातलं घड्याळ एका डॉलरला काढलं. ते बनवायची वॉटरबरी क्लॉक कंपनी. आत माणिक एकही नाही, जुळवाजुळव बेताची, दुरुस्तीपेक्षा नवं घेणं स्वस्त. एल्जिनच्या पहिल्या घड्याळाची किंमत ११७ डॉलर होती; एकोणतीस वर्षांनी वेळ सांगणारी डबी त्याच्या ११७व्या भागात मिळू लागली. १९१० मध्ये असली घड्याळं वर्षाला पस्तीस लाख निघत होती. पालघरमधल्या प्रत्येक माणसाला एक देऊन पाच लाख उरली असती, एका वर्षात. सेकंदांत सांगायचं तर रात्रंदिवस दर नऊ सेकंदांना एक. विसेक वर्षांत खप चार कोटींच्या घरात गेला. त्या वेळच्या हुंडणावळीने डॉलर म्हणजे तीन रुपये आणि वर आणा-सव्वा आणा. इकडच्या शेतमजुराला त्यासाठी पुष्कळ दिवस राबावं लागलं असतं, अमेरिकेतल्या कामगाराला साधारण एक दिवस.

एवढं सगळं ऐकल्यावर लोक हमखास विचारतात तो प्रश्न म्हणजे, मग याची किंमत किती?

माझ्या घड्याळाची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे माझ्या सल्ल्याचं मोलही कळेल. घेताना झाकण पिवळंधमक होतं आणि आत ‘वीस वर्षांची हमी’ असा छाप होता. मी मनात म्हटलं, सोन्याची कुणी वीस वर्षांची हमी देतं का, म्हणजे नक्की फार चांगलं सोनं असणार. इकडे आल्यावर एका सराफाने कसोटीवर दोन रेघा ओढल्या, माझ्याकडे दयेने बघितलं आणि म्हणाला, भाऊ, वर साय आहे, खाली पितळ. हमी सोन्याची नव्हतीच. पितळेच्या दोन्ही अंगांना सोन्याचा पातळ पत्रा दाबून झाकणं बनवत आणि तो पत्रा खिशात घासून झिजायला किती वर्षं लागतील त्याची ती हमी होती. दहा वर्षांचं झाकण, वीस वर्षांचं, पंचवीस वर्षांचं. कंपनी आपला मुलामा कधी संपेल ते झाकणावर ठोकून सांगत होती, एवढा प्रामाणिकपणा आता कुठे मिळतो. शंभराहून जास्त वर्षं झाली, माझी साय कडेला उडाली आहे.

दुसरी चूक क्रमांकाची. अमेरिकेत गिऱ्हाईक आतलं यंत्र एका कंपनीचं आणि झाकण दुसऱ्या कंपनीचं निवडून दुकानदाराकडून जोडून घ्यायचं. म्हणून झाकणावरचा क्रमांक काही सांगत नाही. वय सांगतो तो आतल्या यंत्रावरचा. माझा एक कोटी चाळीस लाखांच्या घरातला आहे, म्हणजे १९०९च्या सुमाराचा. माझ्या आधी त्याच कारखान्यातून एक कोटी चाळीस लाख बाहेर पडली होती. दुर्मीळ म्हणायला जीभ रेटत नाही. सात ज्युवेलचं असलं एल्जिन चालू स्थितीत आज शे-दीडशे डॉलरला मिळतं. रेल्वेच्या परीक्षेत उतरलेली एकवीस-तेवीस ज्युवेलची घड्याळं, हॅमिल्टनचं ९९२ किंवा स्प्रिंगफील्डच्या इलिनॉय कंपनीचं बन स्पेशल, त्याच्या काही पट. अस्सल सोन्याच्या झाकणाचं असेल तर सोन्याचा भाव, आणि तिथेच घात होतो. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढलं तेव्हा कितीतरी झाकणं मुशीत गेली आणि आतली धडधाकट यंत्रं बिनघरची झाली. डायमेकर काकांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. सोनं वितळतं, पोलादाच्या वाट्याला कोण येत नाय, एवढंच म्हणाले.

गुंतवणूक म्हणून बघणाऱ्यांसाठी एल्जिनचं क्रमांक १०१ बघू. १८६७ मध्ये ११७ डॉलर, १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात बारा हजार डॉलर. शंभरपट! पण मध्ये एकशे एकवीस वर्षं गेली. चक्रवाढीने वर्षाला चार टक्क्यांना किंचित कमी पडतात, म्हणजे पोस्टाच्या बचत खात्याच्या आसपास. आणि हे सहा कोटींतलं सगळ्यांत पहिलं घड्याळ. उरलेल्या ५ कोटी ९९ लाख ९९ हजार ९९९ घड्याळांनी काय अपेक्षा ठेवायची?

खरी उडी घड्याळ मारत नाही, खिसा मारतो. टायटॅनिकवर बुडालेले धनाढ्य जॉन जेकब ॲस्टर यांच्या अंगावर सापडलेलं चौदा कॅरट सोन्याचं वॉल्थम एप्रिल २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये लिलावात गेलं. फीसकट ११ लाख ७५ हजार पौंड, आपले बारा कोटींच्या पुढे. वॉल्थमने चार कोटी घड्याळं बनवली, त्यांतलं हे एक. सोन्याच्या भावात त्याचे फार तर काही लाख झाले असते. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गांधीजींचं झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटी मिळून अठरा लाख डॉलरला गेली. झेनिथ स्विस, पण तर्क तोच. त्याउलट न्यूयॉर्कचे बँकर हेन्री ग्रेव्ह्ज यांनी खास स्वतःसाठी स्वित्झर्लंडमध्ये पाटेक फिलिपकडून करवून घेतलेलं, चोवीस करामती करणारं घड्याळ २०१४ मध्ये दोन कोटी चाळीस लाख डॉलरला गेलं, ते मात्र घड्याळ म्हणूनच. जगात तसं एकच होतं.

आणि ज्या यंत्रांनी कोट्यवधी पाडली, त्यांचं काय झालं? ओहायोतल्या कँटन गावची ड्युबर-हॅम्डन ही कंपनी बुडाली तेव्हा १९३० मध्ये सोव्हिएत सरकारने तिचा कारखाना उचलला. अठ्ठावीस वाघिणी भरून सामान गेलं, सोबत एकवीस जुने कामगार शिकवायला गेले आणि मॉस्कोत पहिला घड्याळ कारखाना उभा राहिला. एकतीस वर्षांनी युरी गागारिन अवकाशात गेला तेव्हा त्याच्या मनगटावर त्याच कारखान्याचं घड्याळ होतं. माझ्या मुंगीपेक्षा हा मार्ग जवळचा म्हणायचा. एल्जिनचा कारखाना १९६०च्या दशकात पाडला गेला. वॉल्थममधलं घड्याळांचं काम १९५७ मध्येच थांबलं होतं.

ऊन उतरलंय. डहाणू लोकल इथे २०१३ मध्ये आली. त्याआधी या फलाटावर मेमू आणि पॅसेंजरची वाट बघणं हा वेगळाच उद्योग होता. मी घड्याळ कानाशी धरतो. सेकंदाला पाच. सकाळी मोबाइलशी जुळवून लावलं होतं. शेजारच्या बाकावरची मिरचीची टोपली घेऊन बसलेली आजी माझ्याकडे बघतेय, या माणसाला कान दुखतोय की काय असं तिला वाटत असावं. गाडीचा दिवा दिसला. फलाटावरच्या घड्याळाप्रमाणे ती अगदी वेळेवर आली होती. माझ्या घड्याळाप्रमाणे चार मिनिटं आधी.